स्थानिक श्रमबाजार आणि अल्प उत्पन्नाचे कामगार

राहते ठिकाण न बदलता कामगाराला ज्या क्षेत्रात काम शोधता येते व रोज जाऊन-येऊन करता येते आणि मालकालाही जेथून कामगार सहज मिळू शकतात, त्या क्षेत्रातील श्रमाच्या मागणी-पुरवठ्याच्या व्यवस्थेस ‘स्थानिक श्रमबाजार’ असे म्हणतात. त्याच्या सीमा जिल्हा वा तालुका यांच्या सीमांशी जुळतीलच असे नाही. प्रवासाला लागणारा वेळ व खर्च, कामाची माहिती मिळण्याची साधने आणि ओळखीपाळखी यांवरून त्या ठरतात. म्हणूनच एकाच वस्तीत राहणाऱ्या दोन व्यक्तींचे श्रमबाजार भिन्न असू शकतात. अभियंत्याला दूरच्या शहरातील जागेची माहिती मिळते व तेथे जाण्याचा खर्चही झेपतो; शेतमजूर स्त्रीचा बाजार मात्र पायी गाठता येतील अशा दोन-चार शिवारांपुरताच असतो.

स्वरूप : मजुरी कमी मिळाल्यास कामगार दुसऱ्या मालकाकडे जाईल व त्यामुळे मजुरीचे दर सर्वत्र सारखे होत जातील, असे स्पर्धेचा सिद्धांत गृहीत धरतो. अल्प उत्पन्नाच्या कामगारांबाबत हे गृहीत अनेकदा खरे ठरत नाही. श्रम ही साठवून ठेवता येणारी वस्तू नव्हे. आज काम मिळाले नाही, तर आजची मजुरी कायमची बुडते. ज्याच्या घरी चार दिवसांचे धान्य शिल्लक नाही, त्याला अधिक दराची वाट पाहता येत नाही. त्यातच मालक थोडे व कामगार पुष्कळ असले, म्हणजे मालकांना दर ठरविण्याच्या बाबतीत मक्तेदारासारखे सामर्थ्य लाभते. अशा बाजारात मजुरीचा दर कामगाराच्या कौशल्याइतकाच, किंबहुना अधिक, त्याच्या नकार देण्याच्या शक्तीवर अवलंबून राहतो. ग्रामीण व नागरी श्रमबाजारांची बाह्य रूपे वेगळी असली, तरी हे सूत्र दोहोंना लागू पडते. महाराष्ट्रातील अनुभवावरून ते स्पष्ट होते.

ग्रामीण श्रमबाजार : कोरडवाहू प्रदेशात श्रमाची मागणी हंगामी असते. पेरणी, खुरपणी, कापणी व कापसाची वेचणी या काळात मजुरांची टंचाई भासते. सुगी संपल्यावर तेच मजूर रिकामे राहतात. खुरपणी-वेचणीसारखी कामे मुख्यतः स्त्रियांकडे येतात. पुरुष शेजारच्या गावी वा शहरात कामाला जाऊ शकतो; घर, मुले व पाणी यांची जबाबदारी असलेल्या स्त्रीला तसे करणे कठीण जाते. स्त्री-पुरुषांच्या मजुरीत जो फरक आढळतो, त्याच्या कारणांपैकी स्त्रियांच्या बाजाराचा हा संकोच एक आहे. सालगड्याचा करार मराठवाड्यात सामान्यतः गुढीपाडव्याच्या सुमारास ठरतो. त्याला वर्षभराच्या कामाची शाश्वती मिळते. पण आगाऊ घेतलेल्या रकमेमुळे वर्षाच्या मध्यावर अधिक दराचे काम आले, तरी ते स्वीकारता येत नाही.

स्थानिक बाजार कुटुंबाला पोसू शकत नाही, तेव्हा हंगामी स्थलांतर घडते. बीड जिल्हा व त्यालगतचा अवर्षणप्रवण प्रदेश यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात ऊसतोडीसाठी जातात. तोडणी करणाऱ्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. बहुधा ती पती-पत्नींची असते. मजुरी टनावर मोजली जाते. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो व ती कामातून फेडून घेतो. कामाचा खाडा झाल्यास दंड कापला जातो. येथे मजूर शेकडो किलोमीटर दूर जातो, तथापि त्याचा बाजार विस्तारत नाही. कारण कोणासाठी व कोणत्या अटींवर राबावयाचे, हे उचल घेतानाच आपल्या गावी ठरलेले असते. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबांचे वीटभट्टीवरील कामही अशाच आगाऊ रकमेने बांधलेले असते. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने कर्जापोटी घेतले जाणारे सक्तीचे श्रम बेकायदा ठरविले. परंतु अशा व्यवहारांत उचल कोठे संपते व वेठ कोठे सुरू होते, हे ठरविणे सोपे नसते.

नागरी श्रमबाजार : शहरात मालकांची संख्या मोठी असते. तथापि गरीब कामगाराला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग थोडेच असतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत प्रारंभीच्या दीर्घ काळात भरती जॉबरच्या हाती असे. रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातून आलेला तरुण गाववाल्यांच्या ओळखीने कामाला लागे. कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणाऱ्या ‘बदली’ कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर राहावे लागे. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतरच्या काळात गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या. परळ-लालबाग परिसरातील संघटित रोजगार आटला व अनेकांना पहारेकरी, फेरीवाला वा कंत्राटी कामगार म्हणून पोट भरावे लागले. एका उद्योगावर उभा असलेला स्थानिक बाजार कोसळला, म्हणजे त्या उद्योगातील कौशल्याचे मूल्यही नाहीसे होते, हे या घटनेने दाखवून दिले.

बांधकामाच्या मजुरांचा बाजार आजही चौकात भरतो. मुंबईत त्यास ‘नाका’, तर पुण्यात ‘मजूर अड्डा’ म्हणतात. सकाळी जमलेल्या गवंडी, बिगारी व रंगारी यांच्यातून ठेकेदार माणसे निवडतो. जसजसा दिवस चढतो, तसतसा उरलेल्यांचा दर उतरतो. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा बाजार चालत जाण्याच्या अंतराने सीमित असतो. म्हणून झोपडवस्तीचे शहराच्या सीमेवर पुनर्वसन झाल्यास नवे घर पक्के असूनही जुनी कामे सुटतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबासाठी राहण्याची जागा ही निवाऱ्याइतकीच रोजगाराचीही बाब असते.

शासकीय उपाय : १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांचा मोठा विस्तार झाला, मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे पन्नास लाख लोक काम करीत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे तिचे मुख्य तत्त्व होते. २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने हे तत्त्व देशभर नेले. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. काम गावापासून पाच किमी. च्या आत देणे व त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के जादा मजुरी देणे, अशी तरतूद होती. स्त्रियांचा सहभाग या कामांवर लक्षणीय राहिला. या योजनांचे महत्त्व केवळ वाटलेल्या मजुरीत नव्हते; गावाजवळ दुसरे काम आहे, एवढ्यानेही मजुराला शेतमालकाशी दराविषयी बोलता येऊ लागले. जेथे अंमलबजावणी चांगली झाली, तेथे शेतमजुरीचे दर वाढल्याचे अनेक पाहण्यांत आढळले. उलट, कामे वेळेवर न निघणे व मजुरी थकणे यांमुळे हा परिणाम पुष्कळ ठिकाणी क्षीण झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या अधिनियमाच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा अधिनियम संमत केला. पेरणी-कापणीच्या काळात वर्षातून एकूण साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद त्यात आहे. तिच्यामुळे शेतकऱ्यांना मजूर मिळणे सुलभ होईल; परंतु मजुराचा शब्द ज्या दिवसांत सर्वांत वजनदार असतो, त्याच दिवसांत त्याचा पर्याय काढून घेतला जाईल, असा आक्षेप घेतला जातो.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने मजुरीला कायदेशीर तळ दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. विखुरलेल्या मजुरांपर्यंत असे दर पोहोचविणे नेहमीच अवघड ठरले आहे. १९९६ च्या बांधकाम कामगारविषयक अधिनियमाखाली नोंदणीसाठी वर्षातील नव्वद दिवसांच्या कामाची अट होती. रोज नवा मालक असलेल्या नाक्यावरील मजुराला तिचा दाखला मिळविणे दुष्कर असे. याउलट १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने निराळा मार्ग दाखविला. कामगार व मालक यांची मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरीचे वाटप आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा यांसारखे लाभ, अशी त्याची रचना आहे. मालक बदलला, तरी हक्क कामगाराबरोबर राहतात, हे तिचे वैशिष्ट्य होय.

मूल्यमापन : रस्ते, एस.टी. व भ्रमणध्वनी यांनी स्थानिक श्रमबाजारांच्या सीमा रुंदावल्या आहेत. तथापि केवळ अंतर कमी झाल्याने मजुरी वाढत नाही. उचलीने बांधलेल्या ऊसतोड मजुराला दूरचा बाजारही खुला नसतो. हमीचे काम जवळ असलेल्या शेतमजूर स्त्रीला आपल्या गावातही दर ठरविता येतो. म्हणून प्रशिक्षण व वाहतूक यांच्या जोडीला गावाजवळचे पर्यायी काम, कर्जाचा मुकादमाव्यतिरिक्त दुसरा स्रोत, कामाच्या जागेलगतचे घर आणि मालकाबरोबर न बदलणारे हक्क यांची आवश्यकता असते. या गोष्टी लाभल्या, तरच अल्प उत्पन्नाचा कामगार बाजारात केवळ हजर न राहता सौदा करू शकतो.