मांजर गेलं तरी शिंका राहतात

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती. 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली, तरी मराठी घरं तिथंच राहिली.

माळव्याच्या थंडीत या घरांच्या खिडक्या बंद असतात आणि मांजर रजईत शिरतं. चाळिशीतल्या माणसाला अचानक शिंका सुरू झाल्या, डोळे चुरचुरू लागले, की दोष केसांवर जातो. खरं कारण मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत आहे: 'फेल डी 1' हे प्रथिन. कुत्र्यात 'कॅन एफ 1' असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यामुळे केस कापून फारसं काही साधत नाही.

जन्मभर प्राणी पाळलेल्यालाही ही अॅलर्जी मोठेपणी जडू शकते.

मांजर दुसऱ्याला दिलं तरी गाद्या-पडद्यांत हे प्रथिन कित्येक महिने टिकतं. म्हणून घाईनं मुक्या जिवाला घराबाहेर काढणं अन्यायाचंच. आधी त्वचेवरची चाचणी करून घ्यावी, झोपायची खोली मांजराला बंद ठेवावी, कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवावं. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र दिवस न दवडता डॉक्टरांना दाखवा.