लपंडाव खेळणारा दिवा

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दिल्ली व तिच्या सभोवतालचा प्रदेश धुक्याने झाकून जातो. ५० मीटरपलीकडचे काही दिसेनासे झाले, की हवामानशास्त्रज्ञ त्या धुक्याला ‘अतिदाट’ म्हणतात. अशा रात्रीही मालवाहतूक थांबत नाही. शहरात अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असल्यामुळे अनेक ट्रक रात्रीच आत येतात; तर शहरात काम नसलेले ट्रक २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या पूर्व व पश्चिम परिघीय द्रुतगती मार्गांनी दिल्लीला वळसा घालून पुढे जातात. या सर्वांचा भरवसा समोरच्या दोन दिव्यांवर असतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापतो. त्याचे दिवे तीनच सेकंद मालवले, तरी तेवढ्या अवधीत तो ५० मीटर पुढे गेलेला असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिव्यांच्या उजेडात पुढील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. तेव्हा क्षणात विझणारा आणि क्षणात आपोआप लागणारा दिवा हा कायमच्या विझलेल्या दिव्याहून अधिक घातक होय. विझलेल्या दिव्याची दुरुस्ती निदान तत्काळ केली जाते. लपंडाव खेळणाऱ्या दिव्यावर मात्र चालक विसंबून राहतो.

उत्तर दिल्लीतील संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरासारख्या ठिकाणी, जेथे ट्रक मुक्कामाला थांबतात व दुरुस्तही होतात, तेथे ही तक्रार नवी नाही. खराब रस्त्यावर डावा दिवा जातो, असे चालक सांगतो. कारागीर खटका दाबून पाहतो, तो दिवा लख्ख लागतो! मग अंदाजाने बल्ब बदलला जातो आणि चार दिवसांनी तोच ट्रक तीच तक्रार घेऊन परत येतो. दिव्याचा हा लहरीपणा वाटतो खरा. परंतु विजेला लहर नसते. दोष अधूनमधून प्रकट होतो, याचा अर्थ तो प्रकट होण्यास काही विशिष्ट परिस्थिती लागते, इतकाच. ती परिस्थिती ओळखणे हाच शोधाचा आरंभ होय.

बहुतेक अवजड ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब मिळविलेला असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज, खटका, रिले, तारांचे कप्लर आणि बल्बचा होल्डर असे टप्पे ओलांडून बल्बच्या तंतूत पोहोचतो. परतीसाठी बहुधा वाहनाचा लोखंडी सांगाडाच वापरतात; सांगाड्याशी केलेल्या या जोडाला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. या साखळीतील कोणतीही एक कडी सैल झाली, की दिवा डळमळला.

कड्या सैल होण्याची कारणे रोजच्या पाहण्यातील आहेत. तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो, म्हणून त्याला कल्हई करतात. कप्लरमधील टाचण्यांनाही बहुधा कथिलाचा असाच पातळ मुलामा असतो. ट्रकच्या सततच्या हादऱ्यांनी टाचण्या एकमेकींवर सूक्ष्म प्रमाणात घासतात, मुलामा झिजतो, धुक्यातील व पावसातील ओल आत शिरते आणि विजेला अडविणारा थर साचू लागतो. पुढे झुकणाऱ्या केबिनच्या बिजागरीपाशी तारा वारंवार वाकतात. बाहेरचे आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटू शकते. अशी तार हादऱ्यासरशी कधी जुळते, कधी सुटते.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. २४ व्होल्ट दाबावर ७५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. मार्गातील एखाद्या मळकट जोडाचा रोध अवघा १ ओहम झाला, तरी तेथे जवळजवळ ३ व्होल्ट खर्ची पडतात. बल्बला उरतात २१ व्होल्ट. दाब एक-अष्टमांशाने घटला, पण तंतूचा उजेड मात्र सुमारे एक-तृतीयांशाने घटतो! शिवाय त्या जोडात आठ-नऊ वॅट उष्णता निर्माण होऊन तो अधिकच बिघडतो.

आता पुष्कळांना चकविणारी गोष्ट पाहू. बल्ब काढून होल्डरच्या टोकांना व्होल्टमापक लावला, तर तो पूर्ण २४ व्होल्ट दाखवितो, आणि तारा निर्दोष आहेत असा निष्कर्ष काढला जातो. परंतु व्होल्टमापक स्वतः अत्यल्प प्रवाह घेतो. एवढ्याशा प्रवाहाला बिघडलेला जोडही अडवीत नाही. ओझे डोक्यावर दिल्याखेरीज हमालाचे बळ कळत नाही, तद्वत दिवा जळत असतानाच जोडाची परीक्षा केली पाहिजे.

प्रथम लक्षणांवरून क्षेत्र आखून घ्यावे. दोन्ही दिवे एकदम जात असतील, तर दोष दोघांच्या सामाईक मार्गात. एकच जात असेल, तर त्याच्या स्वतःच्या शाखेत. एक दिवा मंदावून भलतेच दिवे मिणमिणू लागले, तर संशय ‘अर्थ’वर घ्यावा. नंतर वाहन उभे करून दिवा लावावा, व्होल्टमापकाची टोके एकेका जोडाच्या दोन बाजूंना टेकवावीत आणि तेथील तारा हळूच हलवाव्यात. निकोप जोडावर व्होल्टचा दहावा भागही खर्च होत नाही. ज्या जोडावर दिवा विझताक्षणी काटा २४ कडे झेपावतो, तोच अपराधी. दोष हलविल्याने दिसला नाही, तर दिवा बराच वेळ जळू देऊन जोड तापवावा, किंवा पहाटेच्या दमट हवेत तपासणी करावी.

दोष सापडल्यावर टाचण्या साफ कराव्यात वा बदलाव्यात, ‘अर्थ’चा रंग-गंज खरवडून बोल्ट घट्ट आवळावा आणि तारेला हादरा बसणार नाही असा आधार द्यावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. ते आगीला निमंत्रण आहे. नव्या ट्रकांत एलईडी दिवे आले असले, तरी तारा, कप्लर आणि ‘अर्थ’ यांतून त्यांचीही सुटका नाही.

दिवा पुन्हा लागला म्हणजे दोष गेला, असे मात्र समजू नये. दोष प्रथम डोळ्यांसमोर घडवून आणावा, मग तो दूर करावा, आणि त्याच परिस्थितीत तो पुन्हा घडत नाही, हे पडताळून पाहावे. ही कसोटी उतरल्यावरच त्या ट्रकने धुक्याच्या रात्री रस्त्यावर जावे; कारण त्या उजेडावर चालकाचा जीव जसा अवलंबून असतो, तसाच समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूचाही.