सोमवारचे मामा

या वेळच्या अंकासाठी संपादकांनी 'कामाच्या ठिकाणचं सुख' या विषयावर काहीतरी लिहायला सांगितलं, आणि मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी आयटीतल्या ताणाबद्दल लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. त्याबद्दल आपण सगळे एकमेकांशी एरवी बोलतोच. मी माझ्या मामांबद्दल लिहितो. ते बत्तीस वर्षं एका संग्रहालयात अटेंडंट होते.

माझं घर आणि माझं आजोळ, दोन्ही चिकोडीतच, मध्ये दोन गल्ल्या. आजोळी मामांना 'सोमवारचे मामा' म्हणत. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी. त्यांचं संग्रहालय मात्र सोमवारी बंद. रविवारी, शाळांच्या सहलींच्या दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे घरी पाहुणे येतात नेमके तेव्हा, मामा ड्यूटीवर. आणि सोमवारी आजीचा शंकराचा उपवास. त्यामुळे लेक आठवड्याने घरी यायचा आणि त्याच्या ताटात साबुदाण्याची खिचडी पडायची. "बत्तीस वर्सं मी आईच्या हातचं मटण खाल्लं न्हाई बघ," असं मामा अजून सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

संग्रहालय सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुढे थोड्या तक्रारी येणार आहेत आणि त्या त्या एकट्या संस्थेच्या आहेत असं मला वाटत नाही.

लहानपणी मी एकदाच तिथे गेलो होतो, आठ-नऊ वर्षांचा असताना. खाकी कपड्यांत मामा दालनाच्या दाराशी उभे होते. मी दमून खाली फरशीवर बसलो, तर घरी कधी आवाज न चढवणारे मामा खेकसले, "ऊठ! इथं बसायचं न्हाई." मला वाईट वाटलं. त्यांनाही बसायची मुभा नव्हती, हे मला कळायला पुढे पंचवीस वर्षं जावी लागली. साहेब फेरीवर आले आणि अटेंडंट स्टुलावर दिसला, तर तो झोपला होता असं धरलं जाई. म्हणून दालनात स्टूलच ठेवत नसत. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडून, शहाबादी फरशीवर उभं राहायचं. भिंतीला टेकायचं नाही. वाचायचं नाही. पाहणाऱ्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. आज मामांच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या आहेत आणि उजवा गुडघा डॉक्टरांनी बदलायला सांगितला आहे.

आता माझ्या कामाविषयी दोन ओळी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी ज्या कंपनीत आहे ती दुसऱ्या कंपन्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी करणारं सॉफ्टवेअर बनवते. स्क्रीनवर पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि विचारलं जातं, 'आज तुम्हाला कामावर कसं वाटतंय?' त्यामागे चोवीस प्रश्न असतात. त्यातल्या बऱ्याच भागाचा कोड मी लिहिलेला आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो असताना मामांनी विचारलं, "तू नेमकं करतोस काय?" मी लॅपटॉप उघडून त्यांना दाखवलं, प्रश्न मराठीत वाचून दाखवले. तुमचे वरिष्ठ तुमचं कौतुक करतात का, कामात तुमची प्रगती होते आहे असं वाटतं का, वगैरे. मामांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "ह्यात बसायला खुर्ची हाय का म्हणून कुठं इचारलंय?"

नव्हतं विचारलं. चोवीस प्रश्नांत कुठेच नव्हतं. बनवणारे आम्ही सगळे खुर्चीवर बसलेलो, तेही कंबरेला आधार देणाऱ्या, खालीवर होणाऱ्या खुर्च्यांवर.

त्याच सुट्टीत मी त्यांना गाडीत घातलं आणि निपाणीमार्गे कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेलो. निवृत्त झाल्यापासून मामांनी कुठल्याच संग्रहालयात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि तिकीट काढून तर आयुष्यात कधीच नाही. सीपीआर हॉस्पिटलजवळची ती टोकदार कमानींची इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १८७० च्या दशकात चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराने ती बांधली. नवा राजवाडाही त्याचाच. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पंचगंगेकाठी सापडलेल्या वस्तू हा या संग्रहालयाचा पाया. आधी राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिथल्या वस्तू उजेडात आणल्या आणि मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती त्याच ठिकाणची. अरबी समुद्र ओलांडून, घाट चढून ती कोल्हापुरात आली होती. कन्नडच्या प्राध्यापकाने कोल्हापुरात रोमचा देव उजेडात आणावा, ही गोष्ट आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला फार गोड वाटते.

मी हे सगळं मामांना उत्साहाने सांगत होतो. मामांचं लक्ष वस्तूंकडे नव्हतंच. ते आधी वर बघत, दिवे कसे लावलेत. मग काचेच्या कडा. मग खाली फरशी. आणि मग दालनातला माणूस. तिथल्या एका अटेंडंटशी त्यांची नजरानजर झाली आणि दोन मिनिटांत दोघे एकमेकांना कामाचे प्रश्न विचारू लागले. कुलपं कोण लावतं, किल्ल्यांची वही कोणाकडे, पावसाळ्यात ओल येते का, पोरं काचेला तोंड लावून धूर करतात का. मी अर्धा तास एकटाच फिरलो. परत आलो तर मामांचा चेहरा असा होता, जसा माझा माझ्या पहिल्या कंपनीतली मंडळी भेटली की होतो.

एक गंमत आहे. संग्रहालयात चालून पाय आणि डोळे दमतात, या थकव्याचा अभ्यास शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला. एका माणसाला वेगवेगळ्या काचपेट्यांपुढे वाकवून, उकिडवं बसवून त्याचे फोटो काढले आणि दाखवून दिलं की मांडणी वाईट असेल तर पाहणारा थकतो. तेव्हापासून जगभर बाकं आली, लेबलं डोळ्यांच्या उंचीवर आली. हे सगळं दोन तासांसाठी येणाऱ्याकरता. तिथेच दिवसभर उभा असतो त्याचा थकवा गिलमनच्या फोटोंत नव्हता. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून साजरा होतो. २०२३ मध्ये त्याच्या विषयात शाश्वततेबरोबर 'आरोग्य आणि समाधान' होतं. पण त्या निमित्ताने जे कार्यक्रम माझ्या वाचनात आले, ते बहुतेक संग्रहालयामुळे समाजाचं मन कसं प्रसन्न राहतं याबद्दलचे होते.

खुर्चीचा प्रश्न दुकानांत मात्र लढला गेला. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तशीच केली. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच, कलम ४४ मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी तरतूद होती. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचा कारखाना न्हवं, आन दुकानबी न्हवं." खरं आहे ते.

मोठ्या संग्रहालयांतही सगळं आलबेल नसतं. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये कर्मचाऱ्यांनी सकाळी दारंच उघडली नाहीत. गर्दी आवरेना, माणसं अपुरी, म्हणून काम थांबवलं आणि बाहेर हजारो लोक तिकिटं हातात घेऊन ताटकळले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये दहा वर्षं पहारेकरी राहिलेल्या पॅट्रिक ब्रिंगली यांनी २०२३ मध्ये आपल्या अनुभवांचं पुस्तक काढलं. भाऊ गेल्यावर त्यांनी एका नामांकित साप्ताहिकातली नोकरी सोडली आणि चित्रांजवळ नुसतं उभं राहण्याची नोकरी धरली. तिथे पहारेकऱ्यांना मोज्यांसाठी वेगळा भत्ता मिळतो, हे वाचून मी लगेच मामांना फोन केला. ते खूप वेळ हसत होते. मग म्हणाले, "कुणीतरी पायाकडं बघितलं म्हणायचं."

पण मामांच्या दुःखाचं मूळ फक्त पायांत नव्हतं. ते मला परतीच्या वाटेवर, कागलच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा कळलं.

एका वर्षी दालनाची रंगरंगोटी झाली. मूर्ती हलवल्या, परत मांडल्या, आणि दोन मूर्तींची लेबलं उलटसुलट लागली. मामा सातवीपर्यंत शिकलेले, पण रोज त्या दोन मूर्तींसमोर उभे राहणारे. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कार्यालयात जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, "तुझं काम दार सांभाळायचं." त्यांनी परत सांगितलं नाही. पुढे चार वर्षं शाळांची पोरं येऊन चुकीचं वहीत उतरवून जात होती आणि मामा शेजारी उभे. "लई कोंडल्यागत व्हायचं," ते म्हणाले. "पगार कमी हुता, त्याचं एवढं वाटलं न्हाई."

मग कधीतरी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. मूर्तींची मापं घेत होत्या. टेप धरायला त्यांना माणूस हवा होता, म्हणून मामांना बोलावलं. धीर करून मामांनी लेबलांचं सांगितलं. बाईंनी आपल्या वहीतले जुने फोटो काढून पडताळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं बरोबर आहे." मग त्यांनी स्वतःसाठी आणलेली खुर्ची मामांकडे सरकवली आणि तासभर त्यांना एकेका मूर्तीबद्दल विचारलं. कुठल्या मूर्तीवर संध्याकाळी ऊन येतं, कुठल्या दगडाला पावसाळ्यात पांढरं फुटतं, लोक कुठल्या देवाला गुपचूप नमस्कार करतात. हे कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. लेबलं महिनाभरात बदलली. कुणी सांगितल्यामुळे बदलली ते कुठे लिहिलं गेलं नाही. बत्तीस वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस कोणता, असं मी विचारलं तेव्हा मामांनी निवृत्तीच्या सत्काराचा दिवस सांगितला नाही, हा सांगितला.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने २०२२ मधल्या एका प्रदर्शनासाठी आपल्या सतरा सुरक्षारक्षकांना सांगितलं की साठ्यातल्या तुम्हाला आवडणाऱ्या कलाकृती निवडा, त्यांचं प्रदर्शन तुम्हीच मांडा. कशाला निवडली तेही त्यांनीच लिहायचं. असं एखादं दालन मामांना मिळालं असतं तर त्यांनी काय ठेवलं असतं, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं: एक अडकित्ता. मोराच्या आकाराचा, एक पाय तुटलेला, कोपऱ्यातल्या काचपेटीत खालच्या फळीवर. कुणी वाकून बघायचंच नाही त्याला.

मामांची जागा आता कायमची भरलेली नाही. ठेकेदारामार्फत मुलं येतात, बहुतेक बारावी झालेली, काही पदवीधरसुद्धा. अकरा महिन्यांचा करार, वर्षभरात माणूस बदलतो. मामांना सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. त्यांच्या मते, दालनाची ओळख व्हायलाच दोन पावसाळे लागतात.

दिवाळीनंतर ऑफिसला परतल्यावर मी आमच्या चोवीस प्रश्नांत दोन नवे प्रश्न घालायचा प्रस्ताव मांडला. 'काम करताना तुम्हाला बसता येतं का?' आणि 'तुमच्या कामातली चूक तुम्ही दाखवली तर कुणी ऐकतं का?' आमच्या मॅनेजरचं म्हणणं पडलं की आपले ग्राहक सगळे ऑफिसवाले, पहिला प्रश्न विचारला तर लोक हसतील. तो 'नंतर बघू'च्या यादीत गेला. त्या यादीतून फारसं काही परत येत नाही हे आयटीतल्या मंडळींना सांगायला नको. दुसरा प्रश्न मात्र त्यांनी घेतला. गेल्या तिमाहीत तो पहिल्यांदा विचारला गेला आणि सगळ्यात जास्त रडके चेहरे त्याच प्रश्नाला आले, आमच्या स्वतःच्या ऑफिसातसुद्धा. त्यातला एक माझा होता.

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात बेळगावला आहे. मी रजा टाकली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, नंतर सहा आठवडे जास्त वेळ उभं राहायचं नाही. मामी म्हणाली, "आता तरी बसतील."