धाकट्या बॅटरीचे दुखणे

मोटार बंद पडली की चार माणसांनी मागून धक्का द्यावा, चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडावा आणि गाडीने खोकत खोकत का होईना सुरू व्हावे, हे दृश्य आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी पाहिलेले आहे. वऱ्हाडी मंडळींची जीप असो की डॉक्टरांची फियाट, उतरलेल्या बॅटरीवर धक्का हा हुकमी उपाय असे. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड मोटारी आल्या आणि या उपायाची सद्दी संपली. या गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत. बॅटरी उतरण्याचे दुखणे मात्र त्यांनाही आहे. गंमत अशी की, हे दुखणे बहुधा गाडी चालविणाऱ्या मोठ्या बॅटरीचे नसते; कोपऱ्यात बसविलेल्या बारा व्होल्टच्या एका लहानशा बॅटरीचे असते.

माझ्या मामांचे राजापेठेत बॅटऱ्यांचे छोटे दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर मी तेथे हिशेब लिहावयास बसतो. "मोठी बॅटरी भरलेली आहे, मग गाडी सुरू का होत नाही?" हा प्रश्न अलीकडे तेथे वारंवार कानावर येतो. त्यामागचे शास्त्र मला जसे उमगले तसे सोप्या शब्दांत येथे मांडीत आहे.

प्रथम या दोन बॅटऱ्यांची ओळख करून घेऊ. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन या विजेच्या मोटारीतील मोठ्या बॅटरीची क्षमता ३०.२ किलोवॉट-तास होती. अशा बॅटऱ्यांचा दाब सामान्यतः तीनशे ते चारशे व्होल्ट असतो. याउलट बारा व्होल्टची, चाळीस अँपिअर-तासांची धाकटी बॅटरी घेतली, तर तिच्यात जेमतेम अर्धा किलोवॉट-तास वीज मावते, म्हणजे थोरलीच्या साठाव्या हिश्शाइतकी. पुष्कळ गाड्यांत ही धाकटी अजूनही शिसे व गंधकाम्ल यांचीच असते. हा प्रकार फ्रान्समधील गास्ताँ प्लांते या शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधून काढला. म्हणजे अत्याधुनिक गाडीतला हा बराच जुना घटक होय.

मग ही म्हातारी तेथे ठेवलीच कशाला? कारणे दोन. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलुपे आणि गाडीतील लहानमोठे संगणक हे सारे बारा व्होल्टवर चालते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचा गाडीशी असलेला संबंध तोडला जातो. तो जोडण्यासाठी कॉन्टॅक्टर नावाचे जाड विद्युत्-खटके असतात आणि ते ओढून धरण्याचे काम बारा व्होल्टची वीज करते. सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण तुडुंब भरलेले आहे, पण दरवाजे उचलणाऱ्या यंत्रालाच वीज नाही, अशी कल्पना करा. पाणी असून कालवा कोरडाच राहील. धाकटी उतरलेली असताना थोरलीची नेमकी हीच अवस्था होते. चार्जरची नळी लावूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण चार्जिंगचा कारभार पाहणारा संगणकच निद्रिस्त असतो.

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरतो. विजेच्या गाडीत तो नसतो. तेथे डी.सी.-डी.सी. कन्व्हर्टर नावाचे उपकरण मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून सुमारे चौदा व्होल्टवर आणते व धाकटीला खाऊ घालते. १९९७ साली जपानात आलेल्या टोयोटा प्रियसपासून पूर्ण हायब्रिड गाड्यांतही अशीच व्यवस्था आहे. तेथे इंजिन फिरविण्याचे कामसुद्धा मोठ्या बॅटरीवरील मोटारच करते. म्हणूनच या गाड्यांत एक नवी अडचण निर्माण झाली. जुन्या गाडीत बॅटरी थकली की सेल्फ रेंगाळून "घर्र… घर्र…" असा आवाज येई आणि शहाणा मालक दोन दिवसांत दुकान गाठी. नव्या गाडीत धाकटीला सेल्फ फिरवायचा नसतो. तिच्याकडून थोडाच प्रवाह मागितला जातो, आणि तेवढा ती मरणपंथाला लागली तरी देत राहते. मग एके पहाटे दाब ठरावीक मर्यादेखाली जातो आणि गाडी एकदम मुकी होते. आजार हळूहळू वाढतो, पण त्याची वर्दी मिळत नाही.

हे दुखणे एकदा झाले तर समजण्यासारखे आहे. पण नवी बॅटरी घालूनही ते पुन्हा पुन्हा का उद्भवते? दुकानात आलेले एक उदाहरण देतो. एक गृहस्थ हायब्रिड गाडी भाड्याने चालवितात. नागपूरच्या दवाखान्यात रुग्ण नेणे-आणणे हा त्यांचा मुख्य धंदा. एका पहाटे चार वाजता रुग्ण दाराशी तयार आणि गाडीचे दारसुद्धा उघडेना. दुसरी गाडी मिळवून रुग्ण वेळेवर पोचला, हे नशीब. पण ते नेहमीचे गिऱ्हाईक तुटले आणि गाडीचा हप्ता तर दर महिन्याला भरायचाच होता. दुकानात येताच ते म्हणाले, "भाऊ, वर्षात तीन बॅटऱ्या खाल्ल्या या गाडीनं. चौथी देजा, पण काहून बंद पडते थे तरी सांगा!"

मामा म्हणाले, "बसा भाऊ. बॅटरी आज देतच नाही मी तुमाले. आधी मीटर लावून पाहू."

धाकटी बाहेरून भरून घेतली आणि तपासणी सुरू झाली. गाडी 'रेडी' स्थितीत आणल्यावर दाब १४.१ व्होल्ट आला. म्हणजे कन्व्हर्टर ठीक होता. नंतर गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास तशीच ठेवली, कारण संगणकांना झोपी जायला वेळ लागतो. त्यानंतर बॅटरीतून वाहणारा प्रवाह मोजला, तो ०.४ अँपिअर निघाला. आकडा किरकोळ वाटतो, पण गणित करून पाहा. चोवीस तासांत ९.६ अँपिअर-तास, म्हणजे चाळीसची बॅटरी चार दिवसांत रिकामी. समोरच्या काचेवरचा कॅमेरा थेट बॅटरीवर जोडलेला होता व रात्रंदिवस चालू असे. गाडीचा ठावठिकाणा कळविणारे उपकरणही बिघडून सतत जागे राही. दोहोंच्या वायरी काढताच प्रवाह ०.०३ अँपिअरवर आला. पितृपक्षात भाडी मंदावून गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी का बसे, याचा उलगडा झाला. कॅमेऱ्याची वायर गाडी चालू असतानाच वीज मिळणाऱ्या फ्यूजवर घेतली आणि दुसरे उपकरण बदलून घेतले. त्यानंतर आणखी एक पितृपक्ष गेला, दिवाळी गेली. बॅटरी तीच आहे.

छुपी गळती हे झाले पहिले कारण. दुसरे कारण सवयींचे आहे. भ्रमणध्वनीवरील ॲप उघडून गाडीची स्थिती वारंवार पाहिली की दर खेपेस गाडीचे संगणक जागे होतात. बिनकिल्लीच्या गाडीची चावी गाडीजवळच्या खुंटीवर टांगली तरी काही गाड्यांत तसेच घडते. प्रवाशांची वाट पाहत चालक नुसती 'ॲक्सेसरी' चालू करून गाणी ऐकतो, तेव्हा सारा भार धाकटीवर पडतो. 'रेडी' स्थितीत कन्व्हर्टर चालू असल्याने तसे होत नाही. मात्र हायब्रिड गाडी बंद गॅरेजमध्ये 'रेडी' ठेवून कधीही बसू नये. तिचे इंजिन आपोआप सुरू होते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

तिसरे कारण आपल्या हवेचे. अमरावती-अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. बॅटरी आपोआप उतरणे व आतून झिजणे या दोन्ही गोष्टी त्या वेगाने वाढतात. त्यातच शिशाची बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. प्रत्येक वेळी उतरलेली बॅटरी भरून निघाल्यासारखी दिसते, पण आधीपेक्षा दुबळी होऊन.

क्वचित दोष मुळातच असतो. चार्जिंग व कन्व्हर्टर यांचे काम एकत्र पाहणाऱ्या उपकरणातील संभाव्य दोषामुळे २०२४ साली भारतात ह्युंदाईने आयोनिक ५ जातीच्या १,७४४ आणि कियाने ई.व्ही. ६ जातीच्या १,१३८ गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या. धाकटीला खाऊ घालणारा हातच आखडला, तर ती किती दिवस तग धरणार? अशा वेळी कितीही नव्या बॅटऱ्या बदलल्या तरी पैसा पाण्यात जातो.

मग मालकाने काय करावे? साधा मीटर घेऊन सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, दाब पाहावा. शिशाच्या बॅटरीत सहा घरे असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखविते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. संध्याकाळी १२.६ आणि सकाळी १२.२ असेल, तर गळती शोधावी किंवा बॅटरीची लोड-तपासणी करावी. 'रेडी' स्थितीत दाब तेराच्या वर चढतच नसेल, तर गाडी कंपनीच्या कार्यशाळेत न्यावी. टर्मिनल घट्ट व स्वच्छ असावेत. बॅटरी बदलताना माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचीच घ्यावी. अडचणीच्या वेळी जंपर केबलने धाकटीला दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा आधार देता येतो. मात्र आपल्या हायब्रिड किंवा विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नये, त्याला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. आणि दार यांत्रिक चावीने कसे उघडते, हे गाडी घेतली त्याच दिवशी शिकून ठेवावे.

विजेची गाडी म्हटली की आपल्याकडचे कारागीर बिचकतात. नारिंगी रंगाच्या केबलबाबत ही भीती योग्यच आहे. तेथे जीवघेणा दाब असतो आणि प्रशिक्षण नसलेल्याने तिकडे हात नेऊ नये. पण ज्या दुखण्याने या गाड्या वारंवार अडतात, ते बारा व्होल्टच्या बाजूचे आहे. मीटर, फ्यूज, अर्थिंग आणि टर्मिनल यांचे हे जग राजापेठेतल्या बॅटरीवाल्याला चाळीस वर्षे ठाऊक आहे. त्याने बॅटरी विकण्याआधी अर्धा तास थांबून प्रवाह मोजला आणि गिऱ्हाइकाने त्या अर्ध्या तासाची मजुरी आनंदाने दिली, तर पुष्कळांचे हजारो रुपये वाचतील. शिवाय पहाटे चारला दवाखान्याच्या वाटेला लागलेला रुग्ण दारातच अडकून पडणार नाही.