मैदानात खेळला, म्हणून शिकवता येईल?

आमच्या नाते गावात कबड्डीच्या मैदानाबाहेर हमखास ऐकू येतं, "जो खेळला, तोच शिकवणार!" पटतं ना? आता खालिद जमील घ्या. भारताकडून थोडेच सामने, त्यात दुखापती. ज्या मुंबई एफसीकडून खेळायचा, तिथेच २००९ मध्ये कोच झाला. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, ऑगस्ट २०२५ मध्ये तर थेट भारताचा कोच! पोर्तुगालचा जोसे मोरिन्योही खेळाडू म्हणून बेताचाच. कोच म्हणून २००४ मध्ये पोर्तोला चॅम्पियन्स लीग मिळवून दिली.

म्हणजे बेताचा खेळाडूच चांगला कोच होतो? थांबा, इथेच तर फसायला होतं (मीही फसलोय). ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण हे जिंकले. असेच बेताचे खेळाडू कोच झाले आणि दोन हंगामांत घरी गेले, ते आपल्या यादीत येतच नाहीत. याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात, म्हणजे फक्त उरलेल्यांची मोजणी. उत्तर हवं असेल तर एका वर्षी निवृत्त झालेल्या सगळ्याच खेळाडूंची यादी आधी करायची. मग त्यातले कोच किती झाले, टिकले किती, ते बघायचं. काम कंटाळवाणं आहे. पण गावच्या पोरांना कोच निवडताना नुसतं नाव बघितलं, तर हंगाम पोरांचाच वाया जातो.