मला ठाऊक आहे, हे तुला ठाऊक आहे काय?



'मला ठाऊक आहे' हे तीन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची गणती कोणी ठेवीत नाही. गुरुजींनी प्रश्न विचारला की आपण हात वर करतो तो याच शब्दांच्या बळावर. आणि आईने बाजारातून काय आणावयाचे ते दुसऱ्यांदा सांगितले की तिला थांबवितो तेही याच शब्दांनी. परंतु ठाऊक असणे म्हणजे काय, आणि एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक आहे की नाही यावाचून कोणते काम अडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. या विचाराचे एक शास्त्रच गेल्या शतकात उभे राहिले. त्याची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी आमची स्वतःची एक फजिती सांगतो. गतवर्षी पावसाळ्यात एका रविवारी आम्ही व आमचे एक स्नेही यांनी सालारजंग संग्रहालय पाहावयास जाण्याचा बेत केला होता. सकाळी नऊ वाजता तारनाका मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी भेटावयाचे ठरले. आदल्या रात्री मुसळधार पाऊस लागला. तेव्हा स्नेह्यांनी मोबाइलवर निरोप धाडला, 'पाऊस असाच राहिला तर स्टेशनावर नको, मी तुमच्या घरीच येतो.' आम्ही तो वाचला आणि 'बरे' असे उत्तर पाठविले. परंतु ते उत्तर त्यांना पोहोचल्याची खूण काही दिसेना. सकाळी पाऊस चालूच होता. आम्ही विचार केला, आपले उत्तर मिळालेले नाही, म्हणजे आपल्याला बदल कळला की नाही याची त्यांना शंका असणार; तेव्हा ते सावधपणे स्टेशनावरच जातील. म्हणून आम्ही स्टेशन गाठले. त्यांनी विचार केला की, निरोप एव्हाना वाचला गेला असेलच. म्हणून ते आमच्या घरी आले. दोघांनाही नवा बेत ठाऊक होता आणि तरीही दोघे भिजले. उणीव होती ती इतकीच की, 'आम्हांला ठाऊक आहे' हे त्यांना ठाऊक होते किंवा नाही, याचा आम्हांला पत्ता नव्हता.

ज्ञान आणि समजूत

ज्ञान आणि समजूत यांतील भेद आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वीच बारकाईने पाहिला होता. सतराव्या शतकात आंध्र देशीच्या अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' हा छोटेखानी ग्रंथ रचला. हैदराबादेतील मराठी वाचकांना कौतुक वाटावे अशी गोष्ट ही की, या ग्रंथाची एक नामांकित संपादित आवृत्ती यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस या दोन महाराष्ट्रीय पंडितांच्या परिश्रमांतून १८९७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. या ग्रंथात अनुभवाचे यथार्थ व अयथार्थ असे दोन भाग केले आहेत. शिंपला पाहून तो रुपे आहे असे वाटले तर तो विपर्यय. अंधुक उजेडात समोर खांब आहे की माणूस आहे असे मन दोलायमान झाले तर तो संशय. शिंपल्याला रुपे समजणाऱ्याचा विश्वास कितीही दृढ असला तरी त्याला आपण 'ज्ञान' म्हणत नाही, कारण वस्तू तशी नाही.

हाच भेद चिन्हांच्या भाषेत मांडण्याचे काम फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंतिक्का यांनी १९६२ साली ज्ञान व विश्वास यांवरील आपल्या ग्रंथात केले. बीजगणितात ज्याप्रमाणे अज्ञात संख्येला आपण अक्षर देतो, त्याप्रमाणे येथे विधानाला अक्षर द्यावयाचे. 'प' हे एखादे विधान समजा, आणि 'गोविंदाला प ठाऊक आहे' हे 'गो-प' असे थोडक्यात लिहू. आता काही नियम घालता येतात. पहिला नियम असा की, गो-प खरे असेल तर प खरे असलेच पाहिजे. समजुतीला हा नियम लागू पडत नाही. खोटी समजूत असू शकते, खोटे ज्ञान असू शकत नाही. दुसरा नियम असा की, गोविंदाला प ठाऊक असेल, आणि 'प असेल तर फ असते' हेही ठाऊक असेल, तर त्याला फ ठाऊक आहे. तिसरा असा की, त्याला प ठाऊक असेल तर आपल्याला ते ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक असते.

यांतील दुसरा नियम वाचून चाणाक्ष विद्यार्थी हसल्यावाचून राहणार नाहीत. हा नियम अक्षरशः मानला तर ज्याला भूमितीतील गृहीतके व अनुमानाचे नियम ठाऊक आहेत त्याला सर्व प्रमेयेही आपोआप ठाऊक असावयास हवीत, आणि मग भूमितीची परीक्षा घेण्याचे प्रयोजनच उरणार नाही! हा दोष या शास्त्राच्या अभ्यासकांनाही मान्य आहे. तो दूर करण्याचे अनेक प्रयत्न झाले व होत आहेत.

या चिन्हांना अर्थ देण्याची एक सोपी रीत आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींशी जुळणाऱ्या जितक्या स्थिती संभवतात, तितक्या सर्व डोळ्यांपुढे आणावयाच्या. त्या प्रत्येक स्थितीत जे विधान खरे ठरते ते आपल्याला ठाऊक आहे. काहींत खरे व काहींत खोटे ठरते ते ठाऊक नाही. म्हणजे शक्य स्थिती जितक्या कमी होत जातील तितके ज्ञान वाढले. शक्य स्थितींचे हे गणित ज्यांच्या नावाशी विशेषकरून जोडलेले आहे, त्या अमेरिकन सॉल क्रिप्के यांचा या विषयावरील पहिला निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सिद्धान्त त्यांना सापडला तेव्हा ते तुमच्यासारखेच हायस्कुलात शिकत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शाईच्या डागाचे कोडे

आता एक कोडे पाहू. याच धर्तीचे एक कोडे लिटलवुड या इंग्रज गणितज्ञांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. गोविंदा व माधव या दोघांच्याही कपाळावर शाईचा डाग पडला आहे. प्रत्येकाला दुसऱ्याचे कपाळ दिसते, स्वतःचे दिसत नाही. आणि परस्परांशी बोलावयाची मनाई आहे. गुरुजी येऊन मोठ्याने म्हणतात, 'तुम्हां दोघांपैकी निदान एकाच्या कपाळावर डाग आहे.' मग विचारतात, 'आपल्या कपाळावर डाग आहे की नाही हे कोणाला ठाऊक आहे?' दोघेही म्हणतात, 'नाही.' गुरुजी तोच प्रश्न पुन्हा विचारतात. या वेळी दोघेही एकदम उत्तर देतात, 'होय, माझ्या कपाळावर डाग आहे!'

हे कसे झाले? गोविंदा मनाशी म्हणतो, 'माझे कपाळ स्वच्छ असते, तर माधवाला कोठेही डाग दिसला नसता. आणि निदान एक डाग आहे हे ऐकताच तो आपलाच, हे त्याने पहिल्या खेपेसच ओळखले असते. त्या अर्थी माझे कपाळ स्वच्छ नाही.' माधवही तसाच विचार करतो. अर्थात दोघेही विचारी व खरे बोलणारे आहेत, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

परंतु कोड्यातील खरी गंमत पुढेच आहे. गुरुजींनी नवे काय सांगितले? निदान एकाच्या कपाळावर डाग आहे हे दोघांनाही आधीच दिसत होते. तरीही गुरुजी बोलले नसते, तर शंभर वेळा प्रश्न विचारूनही उत्तर मिळाले नसते. कारण माधवाला हे ठाऊक आहे, याची गोविंदाला खात्री नव्हती. स्वतःचे कपाळ स्वच्छ असण्याचा संभव तो धरून होता, आणि तसे असते तर माधवाला काहीच दिसले नसते. गुरुजींच्या उघड बोलण्याने सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट 'सर्वांना ठाऊक आहे हेही सर्वांना ठाऊक, आणि तेही सर्वांना ठाऊक' अशी न संपणाऱ्या पायऱ्यांची झाली. या दुसऱ्या प्रकारास आपण सामायिक ज्ञान म्हणू. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ साली व गणिती अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट औमन यांनी १९७६ साली त्याचे विवेचन केले आहे. तीन विद्यार्थी व तीन डाग असतील तर गुरुजींना कितीदा विचारावे लागेल, हे वाचकांनी स्वतः सोडवून पाहावे.

दोन स्टेशनमास्तर

ज्ञानाचा हा हिशेब केवळ कोड्यापुरता नाही. तारनाका रस्त्याने सिकंदराबादेकडे जाताना भारतीय रेल्वेची सिग्नल इंजिनिअरी व दूरसंचार संस्था लागते. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेस 'इरिसेट' या संक्षिप्त नावाने ओळखतात. रेल्वेचे सिग्नल राखणारे अधिकारी व कामगार येथे शिक्षण घेतात. त्यांच्या विद्येच्या मुळाशी आमच्या पावसातल्या फजितीचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की, तेथे चूक झाली तर भिजून भागत नाही.

एकेरी मार्गावरील अ आणि ब ही दोन स्टेशने कल्पा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गाड्या सुटल्या तर टक्कर अटळ. आता समजा, दोन्ही स्टेशनमास्तरांजवळ निरोप धाडण्यावाचून साधन नाही, आणि निरोप वाटेत हरवण्याचा संभव आहे. अ विचारतो, 'गाडी सोडू काय?' ब कळवितो, 'सोडा.' हे 'सोडा' पोहोचले किंवा नाही, हे ब ला ठाऊक नाही. म्हणून अ पोच देतो. ती पोहोचली किंवा नाही, हे अ ला ठाऊक नाही. पोचेची पोच, तिची पुन्हा पोच, असे कोठवर चालणार?

कितीही निरोप धाडले तरी दोघांनी नेमके एकमताने वागण्याची पूर्ण हमी अशा रीतीने मिळत नाही, हे सिद्ध करता येते. क्षणभर समजा की, काही ठराविक निरोपांनी ती मिळते, आणि त्याहून कमी निरोपांनी मिळत नाही. त्यांतील शेवटचा निरोप घ्या. तोही हरवू शकतो, आणि तो हरवला तरी धाडणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून तो ठरल्याप्रमाणेच वागतो. हमी पक्की असावयाची तर निरोप न मिळालेल्यानेही तसेच वागले पाहिजे. म्हणजे शेवटच्या निरोपावाचून काही अडत नव्हते! याचा अर्थ एक निरोप कमी करूनही भागते, आणि हे तर गृहीताच्या विरुद्ध झाले. संगणकशास्त्रात हा प्रश्न 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून प्रसिद्ध आहे. जोसेफ हाल्पर्न व योराम मोझेस यांनी १९८४ साली त्याचे मर्म ज्ञानाच्या तर्कशास्त्राने उलगडले: जेथे निरोप हरवू शकतात, तेथे केवळ निरोपांनी सामायिक ज्ञान निर्माण होत नाही.

मग रेल्वे चालते कशी? तिने ज्ञानाला वस्तूचे रूप दिले. एकेरी मार्गावर वापरात असलेल्या नीलच्या यंत्रात पोलादी गोळे ठेवलेले असतात. दोन स्टेशनांवरील यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली असतात की, ब च्या स्टेशनमास्तराने संमती दिल्यावाचून अ च्या यंत्रातून गोळा निघत नाही. आणि एक गोळा बाहेर असेतो दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघू शकत नाही. तो गोळा पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती देतात; तोच त्याचा परवाना. ब च्या मनात काय आहे याचा तर्क करण्याची ड्रायव्हरला गरजच राहिली नाही. गोळा हाती आहे, एवढ्यावरून समोरून गाडी सुटलेली नाही हे त्याला कळते. आता अनेक ठिकाणी टोकनाशिवाय चालणारी यंत्रे व डब्यांची चाके मोजणारी साधने आली आहेत, पण तत्त्व तेच.

दुसरी युक्ती याहूनही विचार करण्याजोगी आहे. जुन्या पद्धतीच्या सिग्नलाचा हात तारेने ओढून खाली करतात. ती तार तुटली तर हात वजनाच्या योगाने आपोआप आडवा होतो, म्हणजे 'थांबा' असे सांगतो. संमती पोहोचली नाही तर गाडी खोळंबते, परंतु आदळत नाही. निरोप हरवणारच नाहीत अशी हमी रेल्वेने मागितली नाही. निरोप हरवला असता जे घडेल ते निरुपद्रवी असावे, अशी मात्र तजवीज केली. 'कवच' ही अलीकडची भारतीय यंत्रणाही हेच तत्त्व पाळते. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागातील गुल्लागुडा व चिटगिड्डा या स्टेशनांच्या दरम्यान तिची चाचणी झाली, तेव्हा एकाच रुळावर समोर दुसरे इंजिन असता तिने चालते इंजिन ३८० मीटर अलीकडेच थांबविले.

ज्ञानाकडून कृतीकडे

ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न व प्रयत्नातून हालचाल, अशी साखळी नैयायिकांनी सांगितली आहे. यंत्राला विचारपूर्वक वागावयास शिकविताना संगणकशास्त्रज्ञांनाही अशीच साखळी जोडावी लागली. जॉन मॅकार्थी व पॅट्रिक हेज यांनी १९६९ साली कृतीने स्थिती कशी पालटते याचे तर्कशास्त्र मांडले. आणि त्यात एक अनपेक्षित अडचण निघाली. कृतीने काय बदलते हे सांगणे सोपे, परंतु काय बदलत नाही ते सारे सांगणे कठीण. आम्ही दार उघडले तर भिंतीचा रंग तोच राहतो, हे आपल्याला कोणी शिकवीत नाही; यंत्राला मात्र तेही कळावे लागते.

असो. विषय मोठा आहे, आणि लेखाला मर्यादा आहे. मात्र एवढे तरी या शास्त्रापासून आपण घ्यावे. कानावर आलेली प्रत्येक वार्ता हे ज्ञान नव्हे. ती पुढे धाडण्यापूर्वी 'हे मला ठाऊक आहे, की मी नुसते मानतो?' असे स्वतःस विचारावे. अन्यायाची एखादी गोष्ट वर्गात सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही, तेव्हा शाईच्या डागाचे कोडे आठवावे. जो उघड बोलतो तो नवे काही सांगत नसेलही. परंतु त्यानंतर 'इतरांना ठाऊक नसेल' अशी सबब कोणालाच उरत नाही. आणि समोरच्याला आपले म्हणणे कळले की नाही याची खात्री नसेल, तेव्हा सिग्नलाच्या त्या हाताप्रमाणे आधी थांबावे.

आमचे स्नेही व आम्ही आता पावसाळ्यातही भेटतो. मात्र बेत ठरविताना एक कलम ठरवूनच ठेवले आहे, की उत्तराला उत्तर मिळाले नाही तर ज्याने त्याने आपापल्या घरीच राहावे. संग्रहालय काही कोठे जात नाही.