बदक गेलं, बीट आलं!

दोस्तांनो, व्हीगन म्हणजे कोण, ठाऊक आहे? मांस, मासे, अंडी तर सोडाच, पण दूध, तूप, मधसुद्धा न खाणारे. म्हणजे पुरणपोळीवरची तुपाची धारही बंद!

न्यूयॉर्कमध्ये ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ नावाचं भलतंच महागडं रेस्टॉरंट आहे. तिथला शेफ डॅनियल हम मध-लॅव्हेंडर लावून भाजलेल्या बदकासाठी प्रसिद्ध. पण २०२१ साली या पठ्ठ्याने बदकालाच रजा दिली. सगळा मेन्यू वनस्पतींचा! बदकाच्या मानाच्या जागी आलं चक्क बीट. एका नामवंत समीक्षकाने त्या बीटाची यथेच्छ टर उडवली. तरी २०२२ मध्ये मिशेलिनचे तिन्ही तारे टिकले. व्हीगन मेन्यूवर हे आधी कुणालाच जमलं नव्हतं, बरं का!

पण काही मंडळी तिकडे फिरकेनाशी झाली. घरात चारजण शाकाहारी नि एक बोंबीलवेडा असला की हॉटेल ठरवताना काय होतं, ते तुम्ही जाणताच. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये हमने बदक परत आणलं. मूळ मेन्यू वनस्पतींचाच. हवं त्याने काही पदार्थांत मांस-मासे मागावेत. आपल्या नियमापायी कुणी दाराबाहेर राहू नये, असं त्याचं म्हणणं.

काही व्हीगन चिडले. मला त्यांचंही चुकलं असं वाटत नाही. शब्द दिला होता ना! तुम्ही शेफ असतात तर बदक आणलं असतंत?